न्याय, क्षमा आणि तारण



सरकारी नोकरीची पहिली पाचसहा वर्षे संपली असतील नसतील, तेव्हा एका खातेनिहाय चौकशीचे काम माझ्याकडे सोपविण्यात आले. एका कारकुनाने वसुलीतील काही रक्कम खजिन्यात न भरता घरच्या अडचणीसाठी वापरली होती. रक्कम फार मोठी नव्हती, आणि चौकशी सुरू होण्यापूर्वीच ती चलनाने पुरती भरण्यातही आली होती. सुनावणीच्या दिवशी त्याने एकही आरोप नाकारला नाही. हात जोडून तो एवढेच म्हणाला, "साहेब, चुकलो. एकवार क्षमा करा." मला त्याची दया आली, हे कबूल केले पाहिजे. परंतु क्षमा करावयाची म्हणजे मी नेमके काय करावयाचे? पैसा माझा नव्हता. तो अपराध सोडून देण्याचा मला अधिकार तरी कोणता? शिवाय त्याच कचेरीत त्याच्याइतकीच ओढाताण सोसून सरकारी पैशाला हात न लावणारे दुसरे कारकून होते. मी उदार झालो असतो, तर माझे औदार्य त्यांच्या प्रामाणिकपणाला वाकुल्या दाखविणारे ठरले असते. अखेर आरोप सिद्ध झाल्याचा अहवाल मी लिहिला आणि त्याची वेतनवाढ रोखली गेली. न्याय झाला, पण त्या रात्री मला समाधानाची झोप लागली नाही.

न्याय करावा तर दया मरते, आणि दया करावी तर न्याय लंगडा पडतो, हा पेच कोणत्याही बापाला, शिक्षकाला वा न्यायाधीशाला नवा नाही. ख्रिस्ती धर्मविचारात पाप, दैवी शिक्षा आणि तारण या तीन कल्पना याच पेचाभोवती गुंफलेल्या आहेत, असे मला वाटते. मी स्वतः ख्रिस्ती नाही. मात्र आपल्यापैकी अनेकांच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंबे राहतात. नाताळचा फराळ आपण त्यांच्या घरी आवडीने खातो; पण रविवारी प्रार्थनेला जमून ही माणसे कशाची क्षमा मागतात, आणि ती मिळते असे कशाच्या आधाराने मानतात, याची विचारपूस सहसा करीत नाही. ती आज थोडी करावी, असा माझा हेतू आहे.

प्रथम पाप म्हणजे काय ते पाहू. आपल्या बोलण्यात पाप आणि पुण्य हे बहुधा साठविण्याचे पदार्थ असतात. पापाचा घडा भरतो, पुण्य गाठीशी बांधले जाते. जमा आणि खर्च या दोन रकान्यांची ती वही असते. हिब्रू भाषेतील पापवाचक शब्दाची मूळ कल्पना निराळी आहे. त्या शब्दाच्या धातूचा अर्थ 'नेम चुकणे' असा आहे. बायबलच्या जुन्या करारातील शास्ते या पुस्तकात काही डावखुऱ्या गोफणकऱ्यांचे वर्णन आहे. त्यांचा धोंडा केसभरही चुकत नसे, असे सांगताना तेथे हेच क्रियापद आले आहे. नव्या करारातील ग्रीक शब्दाच्या मुळाशीही हाच अर्थ आहे. येशू ख्रिस्त ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यात मात्र पाप आणि ऋण या दोहोंना एकच शब्द आहे. म्हणून येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेच्या मराठी रूपात 'ऋण' हा शब्द येतो. नेम चुकणे आणि देणे थकणे, ही दोन चित्रे मनात ठेवली म्हणजे पुढचा पुष्कळसा विचार उलगडतो.

या दोन्ही चित्रांना जिवंत रूप मिळाले आहे ते लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात. बाप हयात असताना धाकटा मुलगा आपली वाटणी मागतो. वाटणीचे दावे ज्याने ऐकले आहेत, त्याला या मागणीची धार समजेल. मुलगा दूरदेशी जाऊन पैसा उधळतो, दुष्काळात डुकरे राखण्याची पाळी त्याच्यावर येते, आणि अखेर पोटासाठी तो घरी परततो. आपल्याला गडी म्हणून तरी ठेवावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. परंतु बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि मेजवानी मांडतो. थोरला मुलगा मात्र रागावून दाराबाहेर उभा राहतो. इतकी वर्षे मी राबलो, मला काय मिळाले, हा त्याचा प्रश्न माझ्या कचेरीतील प्रामाणिक कारकुनांचाच प्रश्न आहे. बाप त्याचीही समजूत घालतो. पण तो आत गेला की नाही, हे दृष्टांतात सांगितलेले नाही. येथे पाप म्हणजे नियमभंगाहून अधिक काही आहे. घर तुटले आहे. पैसा परत केल्याने ते जोडले जात नाही, आणि पैसा परत न करताही ते जोडले जाऊ शकते.

मग माणूस घर सोडून जातोच का? बायबलच्या आरंभी आदाम आणि हव्वा यांची कथा आहे. देवाने मना केलेल्या झाडाचे फळ त्यांनी खाल्ले आणि एदेन बागेतून ते बाहेर पडले. तीच कथा यहुदी लोकही वाचतात. परंतु सबंध मानवजात जन्मतःच दोषी झाली, असा अर्थ त्यांनी सामान्यतः काढला नाही. पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात तो अर्थ रूढ झाला मुख्यतः संत ऑगस्टीन या उत्तर आफ्रिकेतील धर्माचार्यामुळे. याचा काळ इ. स. ३५४ ते ४३०. आपल्या आत्मकथनात त्याने सोळाव्या वर्षी केलेली एक चोरी वर्णिली आहे. मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडावरची नासपतीची फळे त्याने चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, चोरलेली बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली. मग चोरी केली कशासाठी? केवळ ती चोरी होती म्हणून. या क्षुल्लक प्रसंगात ऑगस्टीनला मानवी स्वभावाचा तळ दिसला. माणूस चांगले कोणते ते न कळल्यामुळेच चुकतो असे नाही. कळत असूनही त्याची इच्छाच वाकडी झालेली असते, आणि हे वाकडेपण वारशाने आलेले आहे. यालाच मूळ पाप असे नाव मिळाले.

ऑगस्टीनला विरोध केला तो ब्रिटनहून रोमला येऊन राहिलेल्या पेलॅजियस नावाच्या तपस्व्याने. देवाने सत्कर्म करण्याची आज्ञा दिली आहे, त्याअर्थी ते करण्याची शक्तीही दिली आहे. 'माझा स्वभावच तसा' ही आळशी माणसाची सबब होय, असे त्याचे म्हणणे. आपल्यातील पुष्कळांना पेलॅजियसच पटेल. तथापि इ. स. ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मसभेने त्याची मते त्याज्य ठरविली. गंमत अशी की, ऑगस्टीनच्या मताला बळ देणारे संत पौलाचे एक वाक्य लॅटिन भाषांतरात 'ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले' अशा अर्थाचे झाले होते. मूळ ग्रीक वाक्याचा रोख 'कारण सर्वांनी पाप केले' असा आहे, हे आजचे बहुतेक विद्वान मान्य करतात. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडील चर्चने वारशाने दोष येतो असे मानले नाही. वारशाने येतात ते मरण आणि दुबळेपणा, असे मानले. त्यामुळे तिकडे पापाचे चित्र गुन्ह्यापेक्षा रोगाचे अधिक आहे, आणि देव न्यायाधीशापेक्षा वैद्य अधिक आहे.

आता शिक्षेकडे वळू. नरक म्हटला की उकळत्या तेलाच्या कढया आपल्यालाही परिचित आहेत. येशूच्या बोलण्यात यासाठी येणारा शब्द गेहेन्ना हा एका प्रत्यक्ष स्थळाच्या नावावरून आला आहे. यरुशलेम शहराला लागून हिन्नोमचे खोरे आहे. तेथे प्राचीन काळी मुलांना अग्नीत बळी दिल्याची स्मृती होती, आणि त्या अमंगल जागेचे नाव पुढे पापी जनांच्या अंतिम गतीला मिळाले. ही गती अनंतकाळची, हे बहुसंख्य ख्रिस्ती परंपरेचे मत राहिले. परंतु तिसऱ्या शतकातील ऑरिजेन या महापंडिताला अशी आशा वाटे की, देवाची शिक्षा शुद्ध करणारी असल्याने अखेरीस सर्व जीव त्याच्याकडे परततील. त्याच्या नावाशी जोडली गेलेली मते ५५३ मध्ये निषिद्ध ठरली, तरी ही आशा पुरती विझली नाही. रोमन कॅथलिक परंपरेने मध्यंतरीची एक अवस्था मानली आहे, तिला शोधनस्थान म्हणता येईल. देवाच्या कृपेत मरण पावलेला, पण पुरता शुद्ध न झालेला जीव तेथे निर्मळ होतो. प्रॉटेस्टंट पंथांनी ही कल्पना नाकारली.

देव प्रेममय असेल, तर तो कोणाला अनंतकाळ जाळील कसा, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळींनी स्वतःच स्वतःला वारंवार विचारला आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने नरकाची जी व्याख्या दिली आहे, तिचा आशय असा की, माणसाने देवाच्या सहवासातून स्वतःलाच कायमचे बाहेर ठेवणे म्हणजे नरक. दाराची कडी बाहेरून लागलेली नसते, ती आतून लागलेली असते, असे आपण सोप्या भाषेत म्हणू. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात अंतिम न्यायाचे जे चित्र आहे, त्यात भुकेल्याला अन्न दिले काय, परक्याला आसरा दिला काय, बंदिवानाची भेट घेतली काय, हे प्रश्न विचारले जातात. ज्यांनी हे केले त्यांना आपण ते देवासाठी केले याचा पत्ताही नसतो; ज्यांनी केले नाही त्यांना आपले काय चुकले तेही उमगत नाही.

येथवर रोग सांगितला. आता उपाय. ख्रिस्ती श्रद्धेचा मध्यबिंदू हा की, येशूचे क्रुसावरील मरण आणि पुनरुत्थान यांनी माणसाचे तारण झाले. पण दोन हजार वर्षांपूर्वी एकाने मरण सोसल्याने दुसऱ्याचे पाप कसे फिटते? या प्रश्नाला एकच अधिकृत उत्तर सर्व पंथांनी मिळून कधी ठरविले नाही. आरंभीच्या शतकांत खंडणीचे चित्र प्रिय होते. मराठी बायबलातही हाच शब्द आहे. माणूस सैतानाच्या आणि मरणाच्या कैदेत पडला होता. ख्रिस्ताने स्वतःला देऊन त्याला सोडविले.

पुढे कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने १०९८ मध्ये एक ग्रंथ पूर्ण केला. 'देव मनुष्य का झाला' असा त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ. माझ्या चौकशीच्या खोलीतला प्रश्नच अन्सेल्मने देवाविषयी विचारला आहे. देव दयाळू आहे, तर त्याने पाप नुसतेच का सोडून देऊ नये? त्याचे उत्तर असे की, तसे झाले तर पाप करणारा आणि न करणारा यांत भेद उरणार नाही. विश्वाची घडीच विस्कटेल. देणे आहे ते माणसाचे; पण ते फेडण्याचे सामर्थ्य आहे फक्त देवाचे. म्हणून जो एकाच वेळी देव आणि मनुष्य आहे, त्यानेच ते फेडणे योग्य होते. सोळाव्या शतकात कॅल्व्हिन आदी सुधारकांनी या विचाराला न्यायालयाचे रूप दिले. अपराध्याची शिक्षा ख्रिस्ताने आपल्या अंगावर घेतली, असे ते म्हणाले.

अन्सेल्मनंतर थोड्याच काळाने पॅरिसच्या अबेलार्ड या तत्त्वज्ञाने शंका काढली. निरपराध्याचे रक्त पाहून देव संतुष्ट होतो, ही कल्पनाच त्याला क्रूर वाटली. त्याच्या मते क्रूस ही देवाच्या प्रेमाची परिसीमा आहे. ती पाहून माणसाचे मन पालटते आणि त्याच्या ठायी उलट प्रेम उपजते, हेच तारण.

या दोन मतांपैकी कोणते अधिक खरे, हे ठरविण्याची माझी योग्यता नाही. पण त्या कारकुनाची गोष्ट मी अर्धीच सांगितली आहे. प्रकरण निकालात निघाल्यावर काही महिन्यांनी तो मला एका बसस्थानकावर भेटला. मी अवघडलो. तोच म्हणाला, "साहेब, वेतनवाढ गेली त्याचे काही नाही. पण ते पैसे माझ्या वडिलांनी भरले होते. त्यांनी बैलजोडी विकली. अजून मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेवढे मात्र सोसवत नाही." माझ्या शिक्षेने जे झाले नव्हते, ते त्या शेतकऱ्याच्या मुक्या सोसण्याने झाले होते. देणेही त्यानेच फेडले होते, आणि मुलाचे मनही त्यानेच पालटले होते. अन्सेल्म आणि अबेलार्ड यांची भांडणे पुस्तकात वाचताना मला जितकी दूरची वाटली होती, तितकी ती त्या दिवशी वाटली नाहीत.

तारण देवाच्या कृपेने मिळते, हे सर्वच ख्रिस्ती पंथ मानतात. माणसाच्या प्रयत्नाला त्यात जागा किती, यावर मात्र युरोप दुभंगला. रोममधील संत पीटरच्या मंदिराच्या बांधकामासाठी जर्मनीत दंडमाफीची पत्रे विकली जात होती. पापाची क्षमा झाल्यावरही भोगावयाच्या उरलेल्या दंडातून सूट, एवढाच त्यांचा शास्त्रार्थ होता. लोक मात्र पैशाने पाप धुतले जाते असे समजत, आणि विक्रेते त्यांना समजू देत. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी विटेनबर्गच्या मार्टिन ल्यूथर या साधूने याविरुद्ध पंचाण्णव प्रमेये मांडली. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो केवळ श्रद्धेने, कर्माच्या बळावर ठरत नाही, हे पुढे त्याच्या शिकवणीचे सूत्र झाले. ट्रेंट येथील कॅथलिक धर्मसभेने १५४७ मध्ये उत्तर दिले की, आरंभ कृपेचाच असतो, परंतु माणसाने त्या कृपेला साथ द्यावी लागते.

हा वाद आपल्या देशाला परका वाटू नये. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत असेच दोन पक्ष आहेत. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून असते, तसा भक्ताने देवाला धरावे, असे एक पक्ष म्हणतो. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, असे दुसरा म्हणतो. ल्यूथरला मांजरीचा दाखला निश्चित आवडला असता. आपल्या वारकरी संतांनी विठोबाला पतितपावन म्हटले, तेव्हा त्यांच्याही मनात स्वतःच्या पुण्याचा हिशेब नव्हता. एवढे मात्र खरे की, पुनर्जन्माची आणि म्हणून पुन्हा एकदा संधीची जी कल्पना आपल्या पाठीशी असते, ती ख्रिस्ती विचारात नाही. तेथे आयुष्य एकच आहे. त्यामुळे हाच प्रश्न तिकडे अधिक तातडीचा होतो.

ज्या मतभेदापायी युद्धे झाली, त्याचा शेवट काहीसा अनपेक्षित आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. कृपेने आणि श्रद्धेनेच माणूस नीतिमान ठरतो, या मुख्य गोष्टीवर आपले एकमत आहे, असे त्यांनी जाहीर केले. एकमेकांना शापित ठरविण्याइतके अंतर उरलेले नाही, हे मान्य करावयास सुमारे साडेचारशे वर्षे लागली.

ज्यांना ख्रिस्ताचे नाव ठाऊकच नाही, त्यांचे काय? याही प्रश्नाने अनेकांची झोप उडविली आहे. बाप्तिस्म्यापूर्वी दगावलेल्या अर्भकांसाठी मध्ययुगीन पंडितांनी लिंबो नावाची सुखदुःखाच्या सीमेवरची जागा कल्पिली होती. ती अधिकृत सिद्धांत कधीच नव्हती. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या मंडळाने अशा अर्भकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत, असे म्हटले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्येच सांगितले होते की, स्वतःच्या दोषाविना ज्याला शुभवर्तमान कळले नाही, पण जो शुद्ध मनाने देवाला शोधतो आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतो, त्यालाही तारण मिळू शकते. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांना हे मान्य नाही; ख्रिस्तावरील व्यक्त श्रद्धेवाचून तारण नाही, असे त्या मानतात.

हा विचार मराठीत येऊन चार शतके उलटली. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट पाद्री फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. आणि एकोणिसाव्या शतकात पंडिता रमाबाईंनी हा विचार स्वतःच्या जीवनावर घासून पाहिला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु ख्रिस्ती धर्म स्वीकारणे आणि क्षमेचा अनुभव येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला कित्येक वर्षांनी कळले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांच्यासाठी जे घर उभे राहिले, त्याचे नाव 'मुक्ती'. भुकेतून सुटका आणि पापातून सुटका, दोन्ही अर्थ त्या एका शब्दात एकत्र नांदले.

मराठी ख्रिस्ती लोकांचा नेहमीचा शब्द मात्र 'तारण' हा आहे. महसूल खात्यात दिवस काढलेल्या माझ्यासारख्याच्या कानाला त्यात दुसराच अर्थ ऐकू येतो. कर्जापोटी सावकाराकडे वा बँकेत जे ठेवतात, ते तारण. दोन्ही अर्थ एका शब्दात आले, हा भाषेचा योगायोग असेल. पण त्या शेतकऱ्याची बैलजोडी आठवली की तो मला अर्थपूर्ण वाटतो. क्षमा फुकट नसते. अपराध्याने तिची किंमत दिली नाही, तर ती दुसऱ्या कोणाला तरी द्यावीच लागते, आणि खरी क्षमा करणारा ती स्वतः देतो. मी त्या दिवशी क्षमा करू शकलो नाही, याचे कारण मला काहीच गमवावे लागणार नव्हते. देवाने ती किंमत स्वतः दिली, अशी ख्रिस्ती माणसाची श्रद्धा आहे. ती श्रद्धा आपण स्वीकारो वा न स्वीकारो, कोणाला क्षमा करण्याचा प्रसंग आपल्यावर येईल, तेव्हा त्यातले आपण काय सोसणार आहोत, हे स्वतःला विचारण्यास हरकत नाही.